मुंग्या

बॉट्सफ्योर्डला नोव्हेंबरात मुंग्या नसतात.
सूर्यही थेट जानेवारीत तोंड दाखवतो.
तरी आईच्या हातांना मुंग्या यायच्या,
रात्री अडीच-तीनला,
आणि ती पलंगाच्या कडेला बसून
दोन्ही हात झटकायची,
ओला फडका झटकावा तसे.

आई, बोर्गहिल्ड, जन्मापासून बहिरी.
कॉडच्या कारखान्यात सतरा वर्षं.
डाव्या हातात मासा, उजव्यात सुरी,
दर अकरा सेकंदांनी मनगटाला तोच पीळ.
आमचं हातावर पोट होतं, हे खरंच;
पण आमच्या घरात
तोंडही हातावरच होतं.

म्हणून मनगट सुजलं की
आईचा आवाज बसायचा.
‘दूध’ अर्धवट, ‘उद्या’ बोबडं,
माझं नाव, करंगळीपासून सुरू होणारं,
अंगठ्यापाशी येऊन अडखळायचं.
रागावली तरी पुटपुटल्यासारखी.
बाबा चष्मा पुसून पुसून बघायचे,
मग मला विचारायचे, काय म्हणाली?
आणि मी, नऊ वर्षांची, घरात एकटी ऐकणारी,
आईचं बोलणं
आईच्याच भाषेत भाषांतर करून द्यायची.

मग पॅकिंगमध्ये आली जाफन्याची पुष्पराणी.
तिला नॉर्वेजियन येत नव्हतं,
आईला ऐकू येत नव्हतं,
त्यामुळे दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं.
कॉफीच्या सुट्टीत, रबरी एप्रन न काढता
तिने आईचा हात धरला, कोपर सरळ केलं,
तळवा समोर,
आणि बोटं हलकेच मागे ओढली.
तीस मोजायचे.
दुखेपर्यंत नाही, ताण लागेपर्यंत.
मग मूठ सैल, मनगट आत, खाली.
मग छातीशी तळवे जोडून
ते तसेच पोटाकडे उतरवायचे.
खांदे सोड, असं तिने
आईच्या खांद्यांवर थापटून सांगितलं.

त्या रात्री जेवताना
आईने हात पसरला, तळवा पुढे.
बाबांचा घास थांबला.
थांब? काय थांबवू?
तिने मूठ वळून खाली झुकवली.
बाबांचा चेहरा उतरला. कोण गेलं?
मग तिने हात जोडले,
आणि बाबा खुर्ची पाडून उठलेच.
आईला इतकं हसू आलं
की तीस मोजायचे राहून गेले.
काही नाही, ती म्हणाली,
मी बोलत नाहीये.
हातांना नुसतं हात म्हणून
जरा बसू देतेय.

पुढे हे रोजचंच झालं.
हात गुंतलेले, म्हणून आई मानेने मोजायची,
आणि तेवढा वेळ बाबा तिच्याकडे पाठ करून
भांडी विसळत राहायचे.
कुणी स्वतःशी गुणगुणत असलं
की आपण कान देत नाही, तसं.

मुंग्या गेल्या असं म्हणत नाही.
कमी झाल्या. फेब्रुवारीत परत आल्या.
डाव्या मनगटाचं शेवटी ऑपरेशन झालं,
पुष्पराणी ऑस्लोला गेली,
कारखान्यात सुरी धरायला यंत्र आलं.
उजवा हात मात्र अजून
स्पष्ट बोलतो आईचा, सत्तरीतही.

मी ट्रॉम्सोच्या इस्पितळात दुभाषी आहे.
डॉक्टरांचं तोंड, माझे हात.
मंगळवारी एका म्हाताऱ्याला
पाऊण तास मी सांगत होते
गाठ कुठे आहे, किती आहे,
आणि तो पुन्हा पुन्हा म्हणत होता,
नीट दिसलं नाही, परत सांग.
परत सांगितलं. परत.

बाहेर येऊन कॉफीच्या मशीनशेजारी
भिंतीला तळवा टेकला, बोटं जमिनीकडे,
कोपर सरळ.
मागून त्याची नात आली,
सहा-सात वर्षांची, एका हातात बिस्किट.
दुसऱ्या हाताने विचारलं,
भिंतीला काय सांगतेस?

माझे अठरा झाले होते.
मी मानेनेच म्हटलं, काही नाही.
एकोणीस.
ती तिथेच उभी राहिली, बिस्किट खात,
माझ्या हाताकडे बघत.
वीस.